तुझ्या इच्छेची ओळ

प्रार्थनेत तुझ्या इच्छेच्या ओळीपाशी आलो
की मी तोंड मिटून घेतो.
अकरा वर्षं झाली.
आधीचं सगळं म्हणतो, तुझं नाव, तुझं राज्य,
नंतरचंही म्हणतो, भाकरीचं तर जरा मोठ्यानंच.
मधली ती एक ओळ उंबऱ्यासारखी ओलांडतो,
पाय न लावता.

ट्राउडाला ठाऊक आहे. पूर्वी कोपर मारायची.
आता नुसते हातमोजे नीट करते.

तुला माहीत असेल, नसेल तर सांगतो:
मी एर्विन, सायलेशियाच्या मातीखाली सातशे मीटर,
एकतीस वर्षं कोळसा काढला.
पहिल्या दिवशी म्हाताऱ्या झेफेलने
माझा कान धरून लाकडी टेकूला लावला.
म्हणाला, पोरा, हे बोलतं.
छत खचायच्या आधी कुरकुरतं, कण्हतं,
पळायला उसंत देतं.
पुढे लोखंडी टेकू आले. देखणे, भारी.
लोखंड शेवटपर्यंत गप्प असतं
आणि मग एकदम.

त्या फेब्रुवारीत तू लोखंडाचा होतास.

आखिम माझा धाकटा. चोवीस वर्षांचा.
पाळीत सात जण होते, दोघे वर आले.
फादर म्हणाले, देवाची इच्छा.
मी म्हणालो, मग ती चुकली.
आमच्या स्वयंपाकघरात, कॉफी गार होत असताना.
तेव्हापासून तुझ्याशी रोज तीच हुज्जत:
कबुतरांना दाणे टाकताना, जिना उतरताना,
दात घासताना तोंडात फेस असतानासुद्धा.
नावं घेऊन, तारखा देऊन, वकिलासारखा.
तू एकदाही खोडून काढलं नाहीस.
मला वाटायचं, जिंकतोय मी.

यंदा संत बार्बराच्या दिवशी माझा घसा बसला.
बँड वाजला, टोप्यांवर पिसांचे तुरे,
आणि मी बाकावर, घोगरा, निकामी,
डोक्यातलं भांडणसुद्धा दमलेलं.
ती ओळ आली.
माझ्या मागच्या तिसऱ्या बाकावरून
एक जाडाभरडा आवाज येत होता, तो तुटला.
भाकरीपाशी पुन्हा सुरू झाला.

गिंटर. त्या दोघांतला एक.

अकरा वर्षं तो माझ्या पाठीशी
तिथंच थांबत होता जिथं मी थांबतो,
आणि मला ऐकू आलं नव्हतं.
माझ्या गप्प बसण्यातही केवढा गलका होता!

मग आठवलं, शोधकाम चालू असताना
दर तासाला यंत्रं बंद करायचे,
ड्रिल, पंप, सगळं; माणसं श्वाससुद्धा धरून ठेवायची.
वर कुंपणापाशी उभ्या आम्हांला वाटायचं, यांनी सोडलं.
ट्राउडा ओरडली होती, थांबलात का, थांबलात का रे?
ते थांबले नव्हते.
पाइपला कान लावून बसले होते,
खालून कुणी ठोकतंय का ते ऐकत.

हे मला नेमकं तिथंच का आठवलं, सांगता येत नाही.
मी काही मान्य केलेलं नाही, हे लिहून ठेव.

बाहेर गिंटर तुऱ्याची टोपी काखेत धरून उभा होता.
मी खुणेनेच विचारलं, कबुतरं बघायला येतोस?
हो म्हणाला नाही. पण आला.
संध्याकाळभर छपरावर दोघे, शब्द एकही नाही;
करड्या मादीला परतायला उशीर झाला
तेव्हा तेवढं त्याने बोट दाखवलं.

रात्री गुडघे टेकले. तोंड उघडलं,
पहिला मुद्दा जिभेवर तयारच होता.
तो तिथंच ठेवला.
हीटरच्या पाइपवर बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं
आणि कान लावला.

वरच्या मजल्यावरून म्हातारी एल्फ्रिडा
चिडून उलट ठोकायला लागली, चपलेने असावं.
मला हसू आलं, या घशातून निघालं तेवढं.

कान मात्र काढला नाही.
पाइप कोमट होता.